धर्मानं चढाई केली नाही तेव्हा

आत्या, काल सभा झाली. निकाल लागला. घरी आले आणि पायातली चप्पल काढायच्या आधीच तुला फोन लावायला गेले. स्क्रीनवर 'आत्या लँडलाइन' असं नाव दिसलं, आणि मग लक्षात आलं की तू गेलीस त्याला सोळा दिवस झाले. फोन तुझ्या रिकाम्या हॉलमध्ये वाजत राहिला असता. म्हणून लिहायला बसलेय. इतकी मोठी बातमी पोटात ठेवून मला झोप यायची नाही.

नात्यानं तू बाबांची आत्या, म्हणजे माझी आजीच. पण 'आजी' म्हटलं की तू ओ द्यायची नाहीस. पस्तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवलेली बाई तू. एक्क्याण्णवाव्या वर्षी वॉकर घेऊन चालायचीस, तरी समोरचा वाकून बसला की त्याच्या पाठीत बोट खुपसायचीस. "अनघा, ताठ! मायक्रोस्कोपमध्ये बघून बघून कासव झालीयेस." मी डोंबिवलीतल्या एका लॅबमध्ये रक्त तपासते, याचं तुला कौतुक होतं आणि ते तू कधीच नीट सांगितलं नाहीस. एकदाच म्हणालीस, "तुझ्या रिपोर्टवर डॉक्टर विश्वास ठेवतात. मग आपल्या अण्णांचाही एक रिपोर्ट काढ."

अण्णा म्हणजे तुझे वडील, माझे पणजोबा. इंग्रजांच्या काळातले वकील, आपल्या जुन्या गावच्या नगरपालिकेचे निवडून आलेले सभासद, आणि गावच्या हुतुतूच्या संघाचे कप्तान. हुतुतू म्हणजे आजची कबड्डी, पण तू तो शब्द बदलू द्यायची नाहीस. दोन वर्षांपूर्वी गावातल्या मंडळानं ठरवलं की खेळाच्या मैदानाला अण्णांचं नाव द्यायचं. बोर्डासाठी त्यांनी घरच्यांकडे दहा ओळी मागितल्या. तू फोनवरच त्या सांगितल्यास, एका दमात. पाचवी ओळ होती, 'गावचे तळे सर्व जातींना खुले करण्यात पुढाकार घेतला.'

मी विचारलं, "याला पुरावा?"

"मी आहे ना पुरावा."

"आत्या, हे झालं तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस."

"मग शोध," तू म्हणालीस. तिथून सगळं सुरू झालं.

पुरावा शोधायच्या आधी तू मला तो सामना ऐकवलास. पहिल्यांदा नाही, पन्नासाव्यांदा. पण तू सांगायला लागलीस की मी दरवेळी हातातलं काम टाकून बसायचे. रेल्वेत काम करणाऱ्यांचा तगडा संघ गावात आलेला. आपले तीन गडी उरलेले, त्यांचे चार. अण्णा स्वतः बाद होऊन रेघेबाहेर बसलेले, तोंडात धोतराचा सोगा. आणि चढाईला निघाला धर्मा. खाडीकाठच्या बाळकुम गावातल्या मिठागरात काम करणारा, अंगात मांस कमी आणि छातीत हवाच हवा. तू वॉकर सोडून उभी राहायचीस! "हुतुतुतुतुतू... असा गेला, एकाला पायानं शिवलं, दुसऱ्याला हातानं, आणि चौघं त्याच्यावर पडले. चौघं! वर माणसांचा ढीग, आणि खालून आवाज चालूच. हुतुतुतुतुतू! आणि त्या ढिगाखालून एक हात बाहेर आला, मिठानं चिरलेला, आणि एकेक बोट करत रेघेपर्यंत पोचला." मग तू धापकन बसायचीस आणि म्हणायचीस, "चौघंही बाद. गावानं खांद्यावर घेतलं त्यांना. अण्णांना आणि धर्माला, दोघांना." तिथे तुझी गोष्ट संपायची.

नगरपालिकेच्या रेकॉर्ड रूमच्या परवानगीला सात महिने लागले. बाबा म्हणत होते, "झालं गेलं, कशाला उकरताय?" बाबा अण्णांचे लाडके नातू, आणि त्या मंडळाचे सभासदही. अण्णा गेले तेव्हा बारा वर्षांचे होते, रोज त्यांचं बोट धरून कोर्टाच्या पायऱ्यांपर्यंत जायचे. आमच्या हॉलमध्ये अण्णांचा फोटो आहे आणि त्याची काच बाबा स्वतः पुसतात, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत.

मी शनिवारी शनिवारी जायचे. लाल फडक्यात बांधलेली बाडं, त्यात नगरपालिकेच्या सभांची इतिवृत्तं, वळणदार अक्षर, गटारं, दिवाबत्ती, डुकरांचा बंदोबस्त. पाचव्या शनिवारी ठराव सापडला. गावतळं सर्वांना खुलं करावं. अनुकूल मतं, प्रतिकूल मतं, खाली नावं. अण्णांचं नाव होतं.

प्रतिकूलमध्ये.

आत्या, एक गोष्ट तुला कधीच सांगितली नाही, ती आता सांगते. ते नाव दिसल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद झाला. अगदी चढाई करून परत आल्यासारखा! आयुष्यभर तू बरोबर आणि मी वाकलेली, आणि आज मी तुला पकडलं होतं. फोटो काढला आणि तीन दिवस तुला दाखवला नाही. मी तुला म्हटलं की तुझ्या तब्येतीची काळजी वाटली. ते खोटं होतं. मी ते तीन दिवस जिंकल्यासारखी फिरत होते, आणि ते तुला दिसेल म्हणून लपत होते.

चौथ्या दिवशी दाखवला. तू भिंग घेतलंस, वाचलंस, परत वाचलंस.

"हा दुसरा कोणीतरी असेल."

"आत्या, पूर्ण नाव आहे. पुढे 'वकील' लिहिलंय."

"कारकुनानं चूक केली असेल. कागदाला काय कळतं?"

"तूच म्हणालीस ना, रिपोर्ट काढ म्हणून?"

"माझ्या बापाचा काढ म्हणाले होते. पंचनामा नव्हे!" तू भिंग टेबलावर आपटलंस. "जा तू."

तीन आठवडे तू माझा फोन घेतला नाहीस. बाबा माझ्यावर चिडले ते वेगळंच. "म्हातारीचा जीव घेशील," म्हणाले. मी दोनदा तुझ्या दारापर्यंत येऊन परत गेले.

मग एका सकाळी सहाला तुझा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "गाडी बोलाव. बाळकुमला जायचंय."

"कशाला?"

"अण्णा बोलायला नाहीत. धर्मा नाही. पण धर्माचं कोणी असेल. सगळं त्या कागदालाच का विचारायचं?"

काय दिवस होता तो! माणकोलीच्या नव्या पुलावर तू ड्रायव्हरला काच खाली करायला लावलीस. खाडी बघून तुझं डोकं बाहेर. बाळकुमला पोचलो तर सगळीकडे तीस-तीस मजल्यांचे टॉवर. तू म्हणालीस, "इथे मिठागरात शोधायचं कोणाला आता?" आणि मग तूच उत्तर दिलंस, "जिथे कबड्डी चालते तिथे चल." जुन्या वस्तीजवळच्या एका मैदानावर मुली सराव करत होत्या. त्यांच्या कोच मॅडमना तू विचारलंस, फार जुन्या काळी इथे धर्मा नावाचा एक खेळाडू होता का. त्या हसल्या. "धर्माआजोबा? अहो, त्यांची लेक आहे की. चंद्रभागाआजी. त्या समोरच्या बैठ्या घरात."

शहाऐंशी वर्षांची चंद्रभागाबाई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. तू आपलं नाव सांगितलंस, वडिलांचं सांगितलंस. तिनं लसणाची सुपली बाजूला सारून ओट्यावर तुला जागा केली.

"वकीलसाहेबांची लेक?" ती म्हणाली. "बस गो बाय. लय उशीर केलास."

तू तिला तो सामना सांगितलास. ती मान डोलवत ऐकत होती. तू खांद्यावर घेतल्यापर्यंत आलीस आणि थांबलीस. ती म्हणाली, "पुढचं?"

"पुढचं काय?"

"मिरवणूक तळ्यापाशी आली ना. सगले धूल धुवाया पायऱ्या उतरले. आमचा बा वरती रस्त्यावर बसला. त्याच्या जातीला खाली जायाची मनाई. तुमच्या अण्णांनी तांब्या भरून आणला आन वरून त्याच्या हातावर पाणी ओतलं. ज्यांच्या खांद्यावरून आला, त्याच माणसांच्या देखत."

तुझा चेहरा मी बघितला, आत्या.  मीच विचारलं, "आणि मग ते मत?"

"त्याच हप्त्यात. बानं जाऊन विचारलं त्यांना. ते म्हनाले, धर्मा, जरा दम धर, गाव अजून तयार नाही. बा म्हनाला, मैदानात दम मीच धरायचा आन गावात पन मीच?"

पुढच्या सामन्याला धर्मा आला. रेघेपाशी उभा राहिला. अण्णांनी त्याचं नाव पुकारलं. तो उभाच. पुन्हा पुकारलं. सगळं मैदान बघतंय, समोरचा संघ वाट बघतोय, आणि धर्मानं चढाई केली नाही. खाली वाकला, मातीला हात लावला आणि घरी निघून गेला.

अण्णांचा संघ त्या मोसमात एकही सामना जिंकला नाही. अण्णा मिठागराच्या बांधांवरून चालत तीनदा बाळकुमला गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी धर्माच्या घरी पाणी मागितलं आणि सगळ्यांसमोर ते प्यायले. त्या काळी केवढी मोठी गोष्ट! मला वाटलं आता दोघं गळ्यात पडणार. तुलाही वाटलं, तू पुढे सरकलीस.

चंद्रभागाबाई म्हणाली, "बानं तांब्या परत घेतला आन म्हनाला, साहेब, ह्या पान्याचा काय उपेग? हे मला रोज भेटते. मी तलावाचं मागतोय."

तू टाळी वाजवलीस. खरंच वाजवलीस! एकटीच, जोरात, शाळेत एखाद्या मुलीनं लांब उडीत रेघ पार केली की वाजवायचीस तशी.

"अगं, मग? मग काय केलं अण्णांनी?"

"मंग काय, सालभरानं त्यांनीच ठराव आनला. पास झाला म्हनतात, एकाच मताच्या फरकानं. पुढच्या इलेक्शनीला लोकांनी त्यांना पाडलं." चंद्रभागाबाई आता रंगात आली होती. "तलाव मोकला झाला. बा गेला, पायऱ्या उतरला, ओंजल भरून प्यायला. त्याला इचारलं कसं लागलं, तर म्हनाला, खारट हाय, माज्याच हाताचं मीठ."

"आणि मग खेळले? पुन्हा एकत्र?"

"खेलले ना! पन तुमच्या बाजूनं नाय. आमच्या बानं बाळकुमची टीम काढली सोताची. आन तुमच्या अण्णांना धरलं, हितं," तिनं वाकून तुझ्याच पायाला हात घातला, "घोट्याला! असं पिळून टाकलं की सोडलंच नाय."

"कुठला पाय?" तू ओरडलीस.

"डावा."

"डावा! अनघा, डावा!" अण्णा शेवटपर्यंत डाव्या पायानं लंगडायचे. आपल्या घरात सगळ्यांना सांगितलेलं की कोर्टाच्या पायरीवरून घसरले. "कोर्टाची पायरी म्हणे! धर्मानं पकडला होता!" तुम्ही दोघी इतक्या हसलात की सराव करणाऱ्या मुली मैदानाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. मग चंद्रभागाबाईनं तुला पकड कशी होती ते दाखवलं, तू म्हणालीस असं नाही, अंगठा आत हवा, आणि एकशेसत्त्याहत्तर वर्षांच्या तुम्ही दोघी ओट्यावर एकमेकींचा घोटा धरून भांडत होतात. मी तुला इतकी आनंदात कधी बघितलेली नाही. बापाचं मत समजल्यावर तू मोडशील अशी मला भीती होती. तू तर त्या दिवशी दहा वर्षांनी तरुण झालीस.

पुढच्याच शनिवारी मी दुसरा ठराव शोधला. सापडला! प्रस्ताव मांडणार, अण्णा. एका मताचंही खरं निघालं. मी रेकॉर्ड रूमच्या जिन्यातूनच तुला फोन केला आणि तू इतकी ओरडलीस की तिथला शिपाई माझ्याकडे वळून बघायला लागला.

आणि मग आपण पुन्हा भांडलो. या वेळी जागा बदलून! तू म्हणालीस, बोर्डावर पहिलं मतही लिहायचं. विरोधातलं. धर्माचं नाव, त्याचं खेळणं सोडणं, सगळं. मी म्हटलं, "आत्या, बोर्ड म्हणजे पुस्तक नव्हे. लोक चालता चालता दोन ओळी वाचतात. एवढंच लक्षात ठेवतील की हा माणूस विरोधात होता."

"ठेवू देत. होताच."

"तुझ्या वडिलांचं मैदान आहे ते!"

"म्हणूनच. विरोधाची ओळ काढलीस तर धर्मा कुठे उरतो? मग सगळं अण्णांनीच केलं असं होतं. आपोआप सुचलं त्यांना? त्या माणसानं आपला खेळ सोडला तेव्हा सुचलं."

मला पटत नव्हतं. तुला राग आला होता. तो बुधवार. फोन ठेवताना मी म्हटलं, रविवारी येते, बसून ठरवू. तू म्हणालीस, "ये, पण ठरवून ये. मला आता रविवारपर्यंत वाट बघवत नाही." शुक्रवारी सकाळी तुझी कामवाली बाई आली तेव्हा तू खुर्चीत होतीस. ताठ बसलेली, असं ती म्हणाली. समोर चहाचा कप, अर्धा प्यायलेला. आणि मांडीवर पॅडला लावलेला कागद, त्यावर दहा ओळी. तुझ्या अक्षरात.

पटत नव्हतं असं म्हटलं, पण खरं सांगायचं तर गुरुवारी रात्रीच मला पटलं होतं. कळवायचं राहिलं. रविवारी येऊन तुला सांगू, तुझा चेहरा बघू, असा माझा बेत होता. पुन्हा तेच केलं मी, आत्या. पुन्हा लपवून ठेवलं. या वेळी चांगली गोष्ट होती, तर तीसुद्धा.

तर काल मंडळाची सभा. मत देणारे सतरा सभासद, प्लास्टिकच्या खुर्च्या, वर फुल स्पीडला पंखा. मी तुझ्या दहा ओळी वाचल्या. 'गावतळे सर्वांना खुले करण्याच्या ठरावाला त्यांनी प्रथम विरोध केला. संघातील श्रेष्ठ खेळाडू धर्मा यांनी त्यांच्या बाजूने खेळणे सोडले. त्यानंतर त्यांनी स्वतः ठराव आणला व तो एका मताच्या फरकाने संमत झाला.' वाचताना मी ताठ उभी होते, तुला आवडलं असतं.

अध्यक्ष म्हणाले, "ताई, सत्कार करायचा की काय करायचं? असं कोण लिहितं बोर्डावर?" दुसरा एक जण म्हणाला, घरच्यांनाच चालत असेल तर आपलं काय जातं. मग बराच गोंधळ झाला. कोणी म्हणे पॉलिटिक्स होईल, कोणी म्हणे हेच तर वाचण्यासारखं आहे. कोच मॅडम बाळकुमहून आल्या होत्या, त्यांना बोलायचा हक्क नव्हता, तरी त्या उठून म्हणाल्या, "माझ्या मुली हा बोर्ड वाचतील तेव्हा त्यांना कळेल की एका खेळाडूनं नाही म्हटलं तर काय होतं." शेवटी अध्यक्षांनी हात वर करायला सांगितले.

बाजूनं दहा. विरोधात सात.

जिंकलो, आत्या! दहा ओळींतला एक शब्दही न बदलता!  आणि त्याच क्षणी मी विरोधातले हात बघितले. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीत, बाबांचा हात वर होता.

आम्ही एकाच गाडीतून परत आलो.   तू असतीस तर त्यांना तिथेच झापलं असतंस, मला माहितेय. मी गप्प राहिले, कारण त्यांच्या बोटांकडे माझं लक्ष गेलं. मांडीवर मूठ वळलेली होती, कोणीतरी त्यातलं काही काढून घेईल अशी. बारा वर्षांच्या मुलाच्या हातातलं अण्णांचं बोट होतं ते. मला ते सोडवायचं नव्हतं.

घरी आल्यावर ते हॉलमध्ये फोटोसमोर उभे राहिले.  मी आत चहा टाकला. बाहेर आले तर ते पाठमोरेच म्हणाले,

"पायरीवरून घसरलो असं मला स्वतः सांगितलं होतं त्यांनी. मी विचारलं होतं. का खोटं बोलले असतील गं?"

"माहीत नाही, बाबा."

"ती बाई... चंद्रभागाबाई. तिला माहीत असेल?"

"असेल कदाचित."

त्यांनी चहाचा कप घेतला, दोन घोट प्यायले, आणि मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मला नेशील तिच्याकडे?"

उद्या सकाळी नऊला निघतोय, आत्या. बाबांनी आत्ताच शर्टाला इस्त्री केलीय.